नोकरी सोडू का, मुंबई गाठू का? नाशिकच्या एका लिहित्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय 27. घर नाशिकरोडला, जेलरोडकडे. अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी, तिन्ही शिफ्ट. वडील नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, म्हणजे प्रेसमधून, निवृत्त झालेले. मुलगा कॉलेजपासून एकांकिका लिहितो, त्यातल्या एकीला लेखनाचं बक्षीस मिळालं. त्या प्रयोगाला आलेल्या कुणीतरी नंतर मुंबईहून फोन केला: यावर वेबसिरीज करू, तू इकडेच ये, सुरुवातीला असिस्टंट म्हणून राहा, पैशाचं पुढे बघू, नाव मात्र नक्की येईल, आणि आधी संहिता मेल कर. घरात राजीनाम्याचा विषय निघाल्यापासून वडिलांनी बोलणं टाकलंय. त्याने मला विचारलंय, "ताई, नागराज मंजुळे, चैतन्य ताम्हाणे, आपल्याच गावचे प्राजक्त देशमुख, ही माणसं नेमकी कशी पुढे गेली? सगळं सोडून निघाली म्हणूनच ना?"

ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करते. मी नाशकात राहूनच नाटकं लिहिली आणि बसवली, मधली बरीच वर्षं मुंबईच्या मालिकांचे संवाद लिहिले, आणि आता बहुतेक वेळ नव्या मुलांच्या संहिता वाचण्यात जातो. माझं मत आधीच सांगून टाकते. आत्ता राजीनामा देऊ नकोस. फोनवरच्या माणसाला संहिता पाठवू नकोस. आणि त्या एकांकिकेचं दोन अंकी नाटक करायला बस. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते, कारण तुझ्यासारखे प्रश्न मला दर करंडकानंतर येतात.

तू नावं घेतलीस त्यांच्याकडे आपण पुरस्काराच्या फोटोपासून बघायला लागतो. फोटोच्या आधीची वर्षं बघायला हवीत. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पुणे विद्यापीठात मराठीत एम.ए., मग नगरला संज्ञापनाचा, म्हणजे कम्युनिकेशनचा, अभ्यासक्रम. 'पिस्तुल्या' हा त्यांचा 2009 चा लघुपट त्या अभ्यासक्रमातूनच आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' 2013 चा, 'सैराट' 2016 चा. म्हणजे लोकांना जो माणूस 'एका रात्रीत' दिसला, त्याच्या मागे कविता, शिक्षण, एक छोटा पण पुरा झालेला लघुपट आणि एक कसदार चित्रपट इतकं काम उभं होतं.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेव्हा ते ऐन विशीत होते, त्यामुळे तुझ्या वयाच्या मुलांना त्यांचं उदाहरण फार भुरळ घालतं. पण त्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस बहुतेकांना आठवत नाही. विवेक गोम्बर हा त्यांचा अभिनेता मित्र. संहिता लिहून होईपर्यंत त्याने ताम्हाणेंना दरमहा ठरावीक रक्कम दिली. म्हणून त्यांना खऱ्या न्यायालयांत जाऊन बसता आलं, तिथली रटाळ कामकाजं बघता आली, सावकाश लिहिता आलं. पुढे गोम्बरच त्या चित्रपटाचा निर्माता झाला आणि त्यातला वकीलही त्यानेच केला. तुझ्या फोनवरच्या माणसाने दरमहा काही द्यायचं कबूल केलंय का? "पैशाचं पुढे बघू" आणि "तू लिही, घरभाडं मी बघतो" या दोन वाक्यांत अख्खी कारकीर्द मावते, इतकं अंतर आहे.

रोहन कानवडे यांचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. 2025 च्या जानेवारीत त्यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. हा माणूस शिकला इंटिरियर डिझाइन. चित्रपटाचं रीतसर शिक्षण नाही. लघुपट करत करत तो पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटापर्यंत पोचला. आणि सुमित्रा भावे? त्या समाजशास्त्राच्या संशोधनातून आल्या, त्यांचा पहिला लघुपट 'बाई' 1985 चा, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यानंतर सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी जे काम केलं त्याशिवाय मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिताच येणार नाही. तेव्हा 27 हे वय उशिराचं आहे ही भीती मनातून काढून टाक.

आता आपल्या गावाकडे येऊ. कुसुमाग्रज स्मारकात तू गेला असशीलच. कुसुमाग्रज प्रतिष्ठान एक वर्षाआड जनस्थान पुरस्कार देतं. पहिला 1991 साली विजय तेंडुलकरांना दिला, 2025 चा सतीश आळेकरांना. या यादीतल्या माणसांची घरं कशावर चालली ते एकदा मांडून बघ. तेंडुलकर वर्तमानपत्रांत नोकरी करत होते. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. इंदिरा संत बेळगावला शिक्षकी पेशात. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर. ना. धों. महानोर पळसखेड्याचे शेतकरी. महेश एलकुंचवार नागपूरला इंग्रजी शिकवत होते. आळेकर तर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात काम करायचे. 'महानिर्वाण' 1974 चं, म्हणजे त्या काळातलंच. मराठीतलं ज्याला आपण थोर म्हणतो ते बहुतांश लेखन संध्याकाळी, सुट्टीत आणि पहाटे झालेलं आहे. त्या माणसांना लेखनाची ओढ कमी होती असं कोण म्हणेल?

नाशिकपुरतंच बोलायचं तर वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात शिकवत होते. त्यांचं 'वेड्याचं घर उन्हात' पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेने 1957 साली केलं, 'रायगडाला जेव्हा जाग येते' 1962 साली आलं. माणूस नाशकात, नाटक पुण्या-मुंबईत. बाबूराव बागूल विहितगावचे, म्हणजे तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरचे. अंगमेहनतीच्या नोकऱ्या करताना ते कथा लिहीत होते, आणि 1963 साली 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं तेव्हा मराठी कथेची भाषाच हलली. कुसुमाग्रजांची सुरुवात तर बघण्यासारखी आहे. बी.ए. झाल्यावर ते नाशिकच्याच गोदावरी सिनेटोनमध्ये गेले. 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाचं काम केलं, आणि चित्रपट पडला. मग वर्षानुवर्षं नियतकालिकांत आणि वृत्तपत्रांत नोकऱ्या. 'विशाखा' 1942 साली आलं. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 चा, तेव्हा ते 58 वर्षांचे होते. मधली सगळी वर्षं त्यांनी लिहिणं चालू ठेवलं एवढंच त्या कारकिर्दीचं रहस्य आहे, आणि ते चालू ठेवता यावं अशी पोटाची सोय त्यांनी आधी लावली होती.

यावर तू म्हणशील, दादासाहेब फाळक्यांचं काय? त्यांनी तर सगळं पणाला लावलं. खरंय. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, 1912 साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. हे आपण अभिमानाने सांगतो आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारकही आहे. पण मधला एक टप्पा सांगायचा राहून जातो. लंडनहून आल्यावर त्यांनी लगेच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिथेच ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं, आणि रोप उगवून वाढतानाची एक-दोन मिनिटांची फिल्म तयार केली. ती दाखवून भांडवल उभं केलं. ज्याला आपण बेधडक म्हणतो त्या माणसाने आधी हातात धरून दाखवता येईल असं काहीतरी पुरं केलं होतं. त्यांच्या घराकडेही बघ. दादरच्या घरी दिवसभर चित्रीकरण, मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाईंकडे, आणि रात्री कोऱ्या फिल्मला भोकं पाडायला, ती धुवायला पुन्हा त्याच. घर बरोबर नसतं तर 1913 साली तो चित्रपट झाला नसता.

आणखी एक. त्या यशानंतर फाळके मुंबई सोडून नाशकात आले! 'मोहिनी भस्मासुर' इथला. पुढे भांडवलदार भागीदार मिळाले, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि भागीदारांशी न पटल्याने ते स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडले, काशीला निघून गेले. परत आले तेव्हा पूर्वीचं स्थान उरलं नव्हतं. 1944 साली नाशकात गेले, तेव्हा हलाखी होती. एवढ्या मोठ्या माणसाची अखेर अशी व्हावी याचं मला आजही वाईट वाटतं. कागदावर काय लिहिलंय याकडे मी पुढे इतका वेळ का देणार आहे, ते यावरून कळेल.

'ख्वाडा'साठी भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकली हेही तू कुठेतरी वाचलं असशील. चित्रपट उत्तम झाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार. पण जमीन विकून केलेले आणि डब्यातच राहिलेले चित्रपटही असतात, आणि त्यांच्या दिग्दर्शकांची मुलाखत कुणी घेत नाही. आपल्यापर्यंत फक्त पोचलेल्यांच्याच कथा पोचतात, तेव्हा त्यांवरून हिशोब मांडताना जपून.

तर नोकरी लेखनाच्या आड येते असं मला वाटत नाही. लेखनाच्या आड येतं ते लेखनाचीच शक्ती खाणारं काम. हे मी मालिकांत बघितलं. दैनंदिन मालिकेला कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. एपिसोडवर पैसे, तेही प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी, टीडीएस कापून. सुरुवातीला तयार भागांची बँक असते तेव्हा सगळं सुखाचं. मग बँक संपते. रात्री साडेदहाला क्रिएटिव्हचा फोन येतो: सासूचं काम करणाऱ्या बाईंना ताप आहे, उद्या त्या नाहीत, हळदीकुंकवाचे दोन्ही सीन त्यांच्याशिवाय लिही, लोकेशन तेच ठेव, पानं सकाळी सातला सेटवर हवीत. बारा वाजता दुसरा फोन: चॅनेल म्हणतंय नणंदेला अजून कडक कर. पहाटे तीनला पानं जातात. चारला झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच्या नाटकाच्या वहीत काय लिहिणार? मालिकेने मला घर दिलं, हात भरभर चालायला शिकवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती चालू असताना माझं स्वतःचं एकही नाटक झालं नाही. तुझ्या फर्स्ट शिफ्टची सुट्टी साडेतीनला होते. कारखान्यात तू यंत्राची मापं घेतोस, शब्द खर्च करत नाहीस. साडेचार ते साडेसहा हे दोन तास तुझे आहेत. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात लिहू नकोस, फक्त वाच. असं आठवडे धरून चाललास तर दोन अंकी नाटकाचा पहिला खर्डा पावसाळा संपायच्या आत होतो.

आणि असिस्टंटच्या कामाबद्दल. बिनपैशाचा असिस्टंट दिवसाचे चौदा-सोळा तास सेटवर राबतो. त्यातून सेट कसा चालतो ते कळतं, दिग्दर्शक व्हायचं असेल तर ते कधीतरी कळायलाच हवं. पण तू दिग्दर्शनाचं काही विचारलेलंच नाहीस. तू लिहिणारा आहेस.

मग नाशकातच राहून काय होतं? 'देवबाभळी' बघितलं असशील. आवली आणि रखुमाई, दोन बायका, बस्स. आधी एकांकिका, मग त्याचं दोन अंकी संगीत नाटक, 2017 च्या डिसेंबरात भद्रकाली प्रॉडक्शन्सने व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख आपल्या गावचे, संगीतकार आनंद ओकही इथलेच. 2020 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार त्या नाटकाला मिळाला. दत्ता पाटील आणि सचिन शिंदे ही लेखक-दिग्दर्शक जोडी बघ, 'हंडाभर चांदण्या' त्यांचं. दोघंही इथलेच, आणि इथेच काम करतात. कवितेत 2011 चा युवा पुरस्कार ऐश्वर्य पाटेकरांच्या 'भुईशास्त्र'ला मिळाला, तेही आपल्याच जिल्ह्याचे. या सगळ्यांकडे एक गोष्ट होती जी तुझ्याकडे आहे की नाही हे तुझ्या पत्रातून कळत नाही. ती म्हणजे कायमची माणसं. तुझा खर्डा वाचून "दुसरा प्रवेश काढून टाक" असं तोंडावर सांगणारा दिग्दर्शक, रात्री नऊनंतर शाळेच्या हॉलमध्ये तालमीला येणारे चार नट, एक प्रकाशयोजनावाला. मुंबईत गेल्यावर ही माणसं मिळायला वर्षं लागतात. इथे ती सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत आहेत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेला जा, राज्य नाट्य स्पर्धेचे इथल्या केंद्रावरचे प्रयोग बघ, परशुराम साईखेडकर नाट्यगृहात मागच्या रांगेत बस, प्रयोगानंतर विंगेत जाऊन ओळख कर.

पण इथे राहण्यात एक मोठा धोका आहे, तोही सांगते, कारण तो मी डोळ्यांनी पाहिलाय. स्पर्धेची चटक. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, शेवटच्या पाच मिनिटांत धक्का, एक लांब स्वगत, ब्लॅकआऊट, टाळ्या. असं लिहिता लिहिता लेखक परीक्षकांसाठी लिहायला लागतो. किती गुणी मुलं वयाच्या पस्तिशीपर्यंत करंडकच गोळा करत राहिली! घरातलं कपाट भरलं आणि दोन अंकी एकही नाही. तुझ्या एकांकिकेचा शेवटही तसाच धक्क्याचा आहे, हे तुझ्या वर्णनावरून दिसतं. दोन अंकांत तो धक्का पुरणार नाही, प्रेक्षक मध्यंतरात चहा पिताना ओळखेल. माणसं वाढवावी लागतील. म्हणून तेच काम आधी कर म्हणते. ते जमलं तर पुढे वेबसिरीजचे भाग पाडणंही जमेल.

मुंबईला कधी जायचं, तर तारीख असलेलं काम हातात आलं की. भेटीगाठींसाठी पंचवटी एक्सप्रेस आहे. सकाळी नाशिकरोडला बसायचं, मीटिंग करायची, संध्याकाळच्या गाडीने परत. मालिका, चित्रपट, रंगभूमी या सगळ्यांत नाशिकची इतकी मुलंमुली काम करतात की पहिल्या रात्री पथारी टाकायची सोय होईलच. नोकरी सोडायची माझी अट साधी आहे: लेखी करार, त्यात टप्प्याटप्प्याने ठरलेले पैसे, आणि बँकेत घराचा वर्षभराचा खर्च. हे तीन जमले की मीच म्हणेन, दे राजीनामा.

आता कागद. इथे नीट लक्ष दे.

कल्पनेवर कुणाची मालकी नसते, लिहिलेल्या मजकुरावर असते. फोनवर सांगितलेली गोष्ट हवेत जाते, संहिता तुझी राहते. एकांकिकेचा जाहीर प्रयोग करताना ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, गेली असेल, तर त्या प्रमाणपत्रावर तुझं नाव आणि तारीख आहे. ते कुणाच्या ताब्यात आहे ते आजच शोध, बहुधा तुमच्या संस्थेच्या फायलीत असेल, आणि त्याची प्रत स्वतःकडे घे. पटकथा केलीस तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद होऊन ती ऑनलाइन नोंदव. सरकारकडे प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची, नोंदणीही करता येते, साहित्यकृतीला शुल्क 500 रुपये आहे. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही, पण वाद झाला तर तारखेचा पुरावा लागतो.

करार आला तर प्रताधिकार कायदा 1957 मधलं कलम 19 आधी वाच, वकिलाकडे नंतर जा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला हे त्यात असायला हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते तुझ्याकडे परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. आता गंमत बघ, जवळपास प्रत्येक छापील करारात मागच्या पानावर एक ओळ असते की कलम 19 चं हे उपकलम लागू होणार नाही. ती ओळ खोडायला सांग. निदान वर्षाऐवजी दोन वर्षं कर, पण कायमचं देऊ नकोस. एका नवोदित लेखकाची चांगली कथा अशा ओळीमुळे एका कपाटात पडून राहिलेली मला माहीत आहे. चित्रपट होत नाही, आणि दुसऱ्याला देताही येत नाही.

2012 च्या दुरुस्तीनंतर आणखी एक गोष्ट लेखकाच्या बाजूने झाली. चित्रपटात वापरलेल्या लेखनाचा आणि संगीताचा, चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापर झाला तर त्याच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, म्हणजे तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. गीतं लिहायला लागलास तर हे फार उपयोगाचं आहे. आणि 'नाव येईल' हे तोंडी आश्वासन नको. श्रेयनामावलीत कुठे, कोणत्या शब्दांत, एकट्याचं की दुसऱ्याबरोबर, हे कागदावर हवं. 'कथा', 'मूळ संकल्पना' आणि 'संशोधन साहाय्य' यांत किती फरक आहे ते पडद्यावर बघितल्यावर कळून उपयोग नाही.

हेच मित्रांमध्येही पाळ. तालमीत दिग्दर्शकाने सुचवलेला प्रवेश, नटाला सुचलेलं वाक्य, हे सगळं नाटकात जातं. नाटक चालायला लागलं की त्यावरून मैत्र्या तुटतात. पहिल्या तालमीलाच एका पानावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

पुस्तकांबद्दल तू ओझरतं विचारलंस, म्हणून ओझरतंच सांगते. मराठीत लेखकाला साधारण दहा टक्के मानधन मिळतं. 300 रुपयांच्या पुस्तकाचे 30. हजार प्रतींची आवृत्ती तीन-चार वर्षांत संपली तर 30,000, सगळ्या वर्षांचे मिळून. कादंबरी मनापासून लिही, पण घर त्यावर धरू नकोस. कृष्णात खोत यांना 'रिंगाण'साठी 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते पन्हाळ्याला शाळेत शिक्षक. जयंत पवारांनी वर्तमानपत्रातली नोकरी करत 'अधांतर' हे नाटक लिहिलं, कथा लिहिल्या.

फिल्म इन्स्टिट्यूटला जावं का? लेखनासाठी गरज नाही. छायाचित्रण, संकलन, ध्वनी यांसाठी जरूर जावं, तिथे यंत्रं आणि वेळ दोन्ही मिळतं.

राहिले वडील. प्रेसमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस पगाराच्या तारखेवर घर चालवत आलाय, त्याला 'पैशाचं पुढे बघू' हे वाक्य ऐकवलंस तर तो दुसरं काय करणार? त्यांचा नाटकाला विरोध आहे असं तुझ्या पत्रात कुठेच नाही, विरोध राजीनाम्याला आहे. त्यांना वरच्या तीन अटी सांग. बचतीचा आकडा दाखव. आणि संहिता नोंदवून झाली की मुंबईच्या त्या माणसाला एवढाच निरोप दे: संहिता नोंदवलेली आहे, लेखी प्रस्ताव आणि मानधनाचा आकडा पाठवा, मग भेटायला येतो. खरा असेल तर आठवड्यात उत्तर येईल.

पहिला अंक पुरा झाला की कुणाच्या तरी घरी वाचन ठेव. परीक्षक म्हणून बसणाऱ्यांना बोलावू नकोस. कारखान्यातले दोन सहकारी, एखादी शिक्षिका, कधीही नाटक न बघणारा एक शेजारी असे लोक बोलाव आणि कुणी कुठे मोबाइल काढला ते वहीत टिपून ठेव. तारीख कळव, मी येते.